दार मधोमध का नाही? क्लॉनमॅकनॉइजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइजचा ओझरता उल्लेख केला होता, शॅनन नदीकाठच्या जुन्या ख्रिस्ती मठाची पडकी चर्चेस आणि त्यांच्या मधलं जुनं कब्रस्तान, बस एवढंच, दोन ओळी. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांब पत्रं थोडी आटोपशीर केलीत, तेवढं समजून घ्या.

ताई, आम्ही दोन वर्षं डब्लिनला राहतोय. तुमचं वाचून मागच्या शनिवारी क्लॉनमॅकनॉइजला जाऊन आलो. खरं सांगू का, तासाभरात बघून झालं. छप्पर नसलेल्या चार भिंती, पुढे परत चार भिंती, परत चार भिंती. यात नेमकं बघायचं तरी काय असतं?

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत, कारण पहिल्या वेळी जवळपास सगळ्यांचं असंच होतं. परत जाल तेव्हा एकच करा. सगळ्यात मोठी इमारत म्हणजे कॅथेड्रल, बिशपचं मुख्य चर्च, त्याच्या पश्चिमेच्या दारासमोर दहा पावलं मागे उभे रहा आणि नुसतं दाराकडे बघा. दार भिंतीच्या मधोमध नाहीये, दक्षिणेच्या बाजूला सरकल्यासारखं दिसतं. आता सांगा, एवढं मोठं काम करणाऱ्या गवंड्याला मध्य काढता येत नव्हता का? येत होता हो, चांगलाच येत होता. दार जागच्या जागीच आहे, भिंत सरकलीय. मूळ चर्च जास्त रुंद होतं, नंतर कधीतरी दक्षिणेची लांब भिंत आत घेऊन नव्याने बांधली आणि दार बिचारं जुन्या रुंदीच्या मध्यावर होतं तिथेच राहिलं.

एवढी एक गोष्ट दिसली ना, की मग डोळा बसतो. ही चर्चेस एका दमात बांधलेली नाहीत. कॅथेड्रलचं मूळ बांधकाम साधारण ९०९ सालचं, राजा फ्लान आणि मठाधिपती कोलमान यांच्या काळातलं, आणि त्यानंतर पुढची सातेकशे वर्षं त्यात कोणी ना कोणी काहीतरी फोडत, जोडत, बदलत राहिलंय. त्यामुळे भिंत बघायची ती सांध्यांपाशी. दगडाचा आकार कुठे बदलतो, थर कुठे जुळत नाहीत, कमानीचा दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाचा कुठे आहे. तिथे काळ बदललेला असतो.

अजून एक बघायचं म्हणजे कोपरे. उत्तर-दक्षिणेच्या लांब भिंती पुढच्या भिंतीच्या थोड्या बाहेर आलेल्या दिसतील, जणू दोन जाड पट्ट्या. याला आन्टे म्हणतात आणि आयर्लंडच्या जुन्या दगडी चर्चची ही अगदी खास खूण आहे. त्याआधीची चर्चेस लाकडी असायची, आयरिश नोंदींमध्ये लाकडी चर्चला ‘ओकचं घर’ आणि दगडी चर्चला ‘दगडाचं घर’ असे वेगळे शब्दच आहेत, आणि लाकडी चर्चच्या कोपऱ्यातले खांब दगडात उतरवले ते हे आन्टे असं बरेच अभ्यासक मानतात. मला हे फार हलवून जातं. लाकडी चर्च एकही शिल्लक नाही, सगळी जळली नाहीतर कुजली, पण त्यांचा कोपरा दगडाने आठवणीत ठेवला.

आणि हो, गेलात की आधी आतलं म्युझियम बघा, मग बाहेर या. बाहेर उभे आहेत ते मोठे क्रॉस नकला आहेत, पावसापासून वाचवायला मूळ क्रॉस १९९० च्या दशकात आत नेले. त्यातला ‘क्रॉस ऑफ द स्क्रिप्चर्स’ साधारण चार मीटर उंच आहे, वाळूच्या दगडाचा, सगळ्या बाजूंनी कोरलेला. त्याच्या पूर्वेच्या बाजूला अगदी खालच्या चौकटीत दोन माणसं मिळून एक खांब जमिनीत रोवताना दिसतात. हे मठाचे संस्थापक सेंट किअरन आणि राजा डिअरमड, मठाचा पहिला खांब रोवतायत, असा त्याचा अर्थ लावतात. त्याच क्रॉसवर खाली झिजलेली अक्षरं आहेत, फ्लान राजासाठी आणि कोलमानसाठी प्रार्थना करा म्हणून सांगणारी. म्हणजे ज्या दोघांनी कॅथेड्रल उभं केलं त्यांचीच नावं समोरच्या क्रॉसवर.

इतक्या आडबाजूला एवढी मोठी वस्ती का केली? आम्हाला तर तिथे पोचेपर्यंत रस्ताभर नुसती दलदल आणि गवत दिसलं.

आज आडबाजू आहे, तेव्हा चव्हाटा होता! अथलोनपासून दक्षिणेला साधारण २० किलोमीटरवर, ऑफली काउंटीत, शॅननच्या पूर्व काठावर ही जागा आहे. शॅनन उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणजे तो एक जलमार्ग झाला. आणि आयर्लंडच्या मधल्या भागात जिकडेतिकडे पीटची दलदल, त्यातून पूर्व-पश्चिम जायचं तर पाय कोरडे राहतील अशी वाट एकच, हिमयुगात बर्फाखालच्या प्रवाहांनी टाकलेली खडी-वाळूची लांबच लांब उंच वळी. तिला एस्कर म्हणतात. मूळ आयरिश शब्दच आहे तो, पुढे जगभरच्या भूशास्त्रात गेला. ही कोरडी वाट आणि ही नदी जिथे एकमेकींना छेदतात तिथे किअरनने साधारण ५४४ मध्ये मठ काढला. तो स्वतः थोड्याच वर्षांत साथीच्या रोगात गेला, जेमतेम तिशी ओलांडलेली, पण जागा अशी अचूक होती की मठ वाढतच गेला. नदीच्या तळाशी जुन्या लाकडी पुलाचे खांब सापडलेत, झाडाच्या वर्तुळांवरून त्यांचं साल निघालंय ८०४. म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीला शॅननसारख्या नदीवर पूल बांधण्याइतकी इथे ये-जा होती.

११७९ ची एक नोंद आहे, आगीत इथली १०५ घरं जळाली म्हणून. आज आपल्याला फक्त चर्चेस दिसतात कारण तेवढीच दगडाची होती. घरं, वर्कशॉप, गोठे, शाळा, सगळं लाकूड, कूड आणि गवताचं, ते गेलं मातीत. तेव्हा त्या हिरव्या गवतावरून चालताना तुम्ही एका गावावरून चालताय हे लक्षात ठेवा. आणि नुसतं गाव नाही, लिहित्या-वाचत्या माणसांचं गाव. ‘लेवर ना हूरे’ म्हणजे तपकिरी गाईचं पुस्तक म्हणतात ते आयरिश भाषेतलं जुनं हस्तलिखित इथलंच, आता डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी एक होता माल मुरे. ११०६ मध्ये लुटारूंनी त्याला इथल्या मोठ्या दगडी चर्चमध्येच मारलं अशी नोंद आहे. म्हणजे हेच कॅथेड्रल, मघाचं न-मधोमध दारवालं.

गोल उंच बुरुज व्हायकिंग लोकांपासून लपायला बांधले होते असं लहानपणी पुस्तकात वाचलं होतं, दार म्हणून तर इतकं उंचावर. हे खरं का?

ही समजूत इतकी पक्की बसलीय की निघता निघत नाही. आधी नाव बघा, आयरिशमध्ये या बुरुजाला शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘घंटाघर’. म्हणजे काम घंटेचं. लांबून येणाऱ्या यात्रेकरूला चर्च कुठे आहे ते दिसावं, प्रार्थनेची वेळ सगळ्यांना कळावी, आणि मठाचा मान दिसावा यासाठी. पुस्तकं, संतांचे अवशेष, चांदीच्या वस्तू आत ठेवत असणार, संकटात माणसंही धावत जात असणार, त्याच्या नोंदी आहेतच, पण त्या नोंदी वाचल्या की कळतं लपायला ही किती वाईट जागा होती. ९५० मध्ये स्लेनचं घंटाघर डब्लिनच्या व्हायकिंगांनी आतल्या माणसांसकट जाळलं. १०९७ मध्ये मोनास्टरबॉइसचा बुरुज आतल्या पुस्तकांसकट जळाला. आत लाकडी मजले, लाकडी शिड्या, वर हवा जायला खिडक्या, खाली एकदा आग लागली की तो बुरुज म्हणजे धुराडंच झाला की.

मग दार उंच का? एक कारण अगदी बांधकामाचं आहे. या बुरुजांचा पाया बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतका उथळ असतो, तेव्हा खालचा भाग भक्कम, अखंड ठेवणं शहाणपणाचं, तिथेच भोक पाडलं तर गोल भिंत कमकुवत होणार. सुरक्षितता हे कारण नव्हतंच असं मी म्हणत नाही, पण नुसतं तेवढंच कारण म्हणून सांगणं मला पटत नाही. आणि क्लॉनमॅकनॉइजमध्येच याचं उत्तर उभं आहे बघा. तिथे दोन बुरुज आहेत. नदीच्या बाजूला टेम्पल फिंगिन नावाचं छोटं चर्च आहे, १२ व्या शतकातलं, आणि त्याच्या वेदीच्या भागाला चिकटूनच एक सडपातळ बुरुज आहे. त्याचं दार जमिनीलगत! चर्चमधून सरळ आत पाऊल टाकायचं. लपायला बांधला असता तर असं दार कोणी केलं असतं का?

त्या बुरुजाचं टोपरं मात्र जरूर बघा, मान दुखेपर्यंत बघा. शंकूच्या आकाराचं दगडी छप्पर आहे आणि त्यातले दगड आडवे न लावता तिरपे लावलेत, एक थर एका बाजूला कललेला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला, माशाच्या काट्यासारखे. ऊन तिरकं असलं की ती नक्षी उठून दिसते.

दुसरा मोठा बुरुज, ओ'रूर्कचा म्हणतात तो, ११२४ मध्ये पूर्ण झाला आणि ११३५ मध्ये वीज पडून त्याचा माथा उडाला. अकरा वर्षं, फक्त अकरा वर्षं तो अख्खा होता. आता जो दिसतो त्याचा वरचा भाग नंतर दुरुस्त केलेला आहे, टोपरं नाहीच. आयर्लंडमध्ये अशा साधारण ६५ बुरुजांचे कमी-जास्त अवशेष आहेत. पूर्ण उंचीचा बघायचा असेल तर विकलो काउंटीतल्या ग्लेंडालॉखला जा, तिथला साधारण ३० मीटरचा आहे, फक्त त्याचं टोपरं १८७६ मध्ये जुनेच दगड वापरून परत बसवलंय.

ही सगळी चर्चेस पाडली कोणी? गाईड म्हणाला व्हायकिंग, शेजारचे आयरिश काका म्हणाले क्रॉमवेल, इंटरनेटवर हेन्री आठवा. नक्की कोण?

प्रश्न छोटा आणि उत्तर मोठं, कारण एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडता येत नाही.

व्हायकिंग आले हे खरं, नवव्या आणि दहाव्या शतकात अनेकदा. पण क्लॉनमॅकनॉइजला आयरिश राजांनीच त्यांच्यापेक्षा जास्त वेळा लुटलं-जाळलं. ८३३ मध्ये मन्स्टरचा राजा फेलिम याने इथली माणसं मारली आणि चर्चच्या दारापर्यंत सगळं जाळलं, आणि हा राजा स्वतः धर्माच्या कडक शिस्तीचा म्हणून नावाजलेला होता! मठ म्हणजे तेव्हा नुसती प्रार्थनेची जागा नव्हती, तिथे धान्य होतं, गुरं होती, राजांची पाठराखण होती, तेव्हा एका राजाचा मठ म्हणजे दुसऱ्या राजाचं लक्ष्य. पण या प्रत्येक वेळी लोकांनी परत बांधलं हे विसरू नका. जळालं आणि बांधलं, सहाशे वर्षं हेच चाललंय.

खरी उतरती कळा लागली ती हळूहळू, आवाज न होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन लोकांनी अथलोनला पूल आणि किल्ला केला, रहदारी तिकडे गेली. क्लॉनमॅकनॉइजलाही नॉर्मन किल्ला आहे, कार पार्कजवळ, एक भिंत इतकी कललीय की बघून पोटात गोळा येतो. पण गावाचा जीव ज्या वाटेवर होता ती वाटच दुसरीकडे वळल्यावर काय उरणार. गाव लहान होत गेलं, बिशपचं ठाणं गरीब होत गेलं.

मग १५५२. अथलोनच्या इंग्रज शिबंदीने येऊन सगळं नेलं. आयरिश बखरींमधली नोंद अशी आहे की लहान-मोठी एकही घंटा, मूर्ती, वेदी, पुस्तक, रत्न, इतकंच काय खिडकीतली काचही मागे ठेवली नाही. मला त्यातली काच सारखी आठवते. आज त्या खिडकीतून सरळ आभाळ दिसतं ते त्या दिवसापासून.

इंग्लंडचा राजा हेन्री आठव्याने १५३० च्या दशकाच्या शेवटी मठ बरखास्त करायला सुरुवात केली, मठांच्या जमिनी गेल्या. धर्मसुधारणेनंतर गावोगावची जुनी चर्चेस सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडच्या नावावर झाली आणि गावातली बहुतेक माणसं मात्र कॅथलिकच राहिली. आता बघा अडचण काय झाली, ज्यांच्याकडे इमारत आहे त्यांच्याकडे भरायला माणसं नाहीत, आणि ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांना इमारत नाही. छप्पर कोण शाकारणार? क्लॉनमॅकनॉइजला १६४७ मध्ये कॅथलिकांनी कॅथेड्रलची दुरुस्ती केली होती, पण लगेच १६४९ पासून इंग्लंडहून आलेला सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्याची धामधूम सुरू झाली आणि पुढे कॅथलिकांविरुद्धचे कडक कायदे आले, ते सगळं तिथेच थांबलं.

तेव्हा तुमचे गाईड, काका आणि इंटरनेट तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण माझं विचाराल तर खेडोपाडीच्या बहुतेक पडक्या चर्चचा खरा शत्रू पाऊस आहे. एकदा छपरावरची स्लेट निखळली आणि ती कोणी परत बसवली नाही, की तुळया कुजतात, मग भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत उतरतं, चुना धुवून जातो, आणि शे-दोनशे वर्षांत भिंत मोकळी होते. त्याला सैन्य लागत नाही.

चर्च बंद पडून इतकी शतकं झाली तरी तिथे १९ व्या-२० व्या शतकातल्या कबरी कशा? आणि अगदी जुन्या कबरीवर काय लिहिलेलं असतं?

छप्पर गेलं तरी जमीन पवित्रच राहिली ना. आजोबा-पणजोबा जिथे पुरलेत तिथेच आपणही जायचं ही तिथल्या माणसांची फार खोल भावना आहे, त्यामुळे भिंती पडल्या तरी कब्रस्तान कधी बंद पडलंच नाही, उलट बऱ्याच ठिकाणी छप्पर गेल्यावर लोक चर्चच्या आतही पुरायला लागले. म्हणून कॅथेड्रलच्या आत वेदीपाशी तुम्हाला थडगी दिसतात. राजांनाही हीच ओढ होती. आयर्लंडचा शेवटचा सार्वभौम राजा रोरी ओ'कॉनर ११९८ मध्ये वारला, त्याला इथे आणून पुरलं, त्याचा बाप टर्लो ११५६ मध्ये वारलेला, तोही इथेच. सगळ्यांना जागा हवी होती ती सेंट किअरनच्या जवळ. आणि किअरनची म्हणतात ती कबर आहे टेम्पल किअरन नावाच्या सगळ्यात चिमुकल्या चर्चमध्ये, आतून जेमतेम चार मीटर लांबीचं. तिथली माती शेताच्या कोपऱ्यात टाकली की पीक आणि गुरं सुखरूप राहतात असा शेतकऱ्यांचा विश्वास, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोक चिमूट चिमूट माती नेत राहिले आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली.

जुन्या कबरींचं म्हणाल तर क्लॉनमॅकनॉइजला ६०० हून जास्त सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या शिळा, पूर्ण किंवा तुकड्यांत, मिळाल्यात. एवढ्या एका जागी फार कुठे नाहीत. मजकूर इतका थोडा असतो की डोळ्यात पाणी येतं. एक क्रॉस कोरलेला, आणि शेजारी ‘ओरोइत दो’ म्हणजे ‘अमक्यासाठी प्रार्थना’, पुढे फक्त नाव. तारीख नाही, बापाचं नाव नाही, गाव नाही. ‘ओरोइत’ सुद्धा पूर्ण लिहीत नाहीत, दोन अक्षरं आणि वर एक रेघ. एका शिळेवर आहे, थुअथल साएर याच्यासाठी प्रार्थना. साएर म्हणजे कारागीर, सुतार किंवा गवंडी. राजांच्या सगळ्या गर्दीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा थुअथल. कुठल्यातरी भिंतीला त्याचा हात लागलेला असेल, कुठल्या ते कधीच कळणार नाही.

कबरींची दिशा पण बघा, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठून उभं राहिलं की तोंड पूर्वेला यावं म्हणून. चर्चची वेदीही पूर्वेला, तेही त्याच विश्वासातून.

आयर्लंडच्या नकाशात किल, किल, किल दिसतं, किलकेनी, किल्डेअर, किलार्नी. त्याचा चर्चशी संबंध आहे का?

आहे. ‘किल्’ म्हणजे चर्च, लॅटिन ‘सेला’ म्हणजे खोली त्यावरून आलेला शब्द. किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च, किलकेनी म्हणजे सेंट केनिकचं चर्च. फक्त जपून, कारण आयरिशमध्ये रानालाही जवळपास तसाच शब्द आहे आणि इंग्रजी नकाशेवाल्यांनी दोन्ही ‘किल’ असेच लिहून टाकले, त्यामुळे एखादं किल चर्चचं नसून झाडांचं निघू शकतं. ‘टेम्पल’ दिसलं तरी देऊळ समजू नका, तेही मध्ययुगीन चर्चच.

कुजबुजणारा दरवाजा खरंच कुजबुजतो का?

हो. कॅथेड्रलचं उत्तरेचं दार, १५ व्या शतकाच्या मध्यात डीन म्हणजे कॅथेड्रलचा मुख्य धर्मगुरू ओडो याने करून घेतलेलं, त्याचं नाव दारावरच लॅटिनमध्ये कोरलंय. कमानीच्या कडा एकात एक अशा खोल पन्हळींच्या आहेत. एका बाजूला पन्हळीत तोंड घालून हळू बोललं की आवाज त्या पन्हळीतून वर चढून पलीकडे उतरतो आणि दुसऱ्या बाजूला कान लावलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो. महारोग्यांना जवळ न येता पाप कबूल करता यावं म्हणून असं केलं ही तिथली सांगोवांगी. गोष्ट सुंदर आहे, पण अशा पन्हळी त्या काळच्या गॉथिक कामात सर्रास असतात, तेव्हा मी ती गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकते. वरचे तीन संत बघायला विसरू नका, मध्ये पॅट्रिक, आणि डॉमिनिक व फ्रान्सिस.

आम्ही गॉलवेजवळच्या एका खेड्यात राहतो. गावच्या जुन्या चर्चच्या कब्रस्तानाची साफसफाई करायला गावकरी जमतात, आम्हालाही बोलावलंय. जायला खूप आवडेल, पण काही चुकीचं तर होणार नाही ना?

जा, नक्की जा. गावाने बोलावलं म्हणजे आपलं मानलं. पण हात लावायच्या आधी थोडं ऐका, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या मनाची माणसं एका शनिवारात करतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका गावात, नाव नाही सांगत, लोकांनी चर्चच्या भिंतीवरची आयव्हीची वेल एका दिवसात ओढून काढली. वेलीची मुळं भिंतीच्या पोटात शिरलेली, चुना केव्हाच गेलेला, वेल हीच दगडांना धरून होती. खिडकीची कमान वेलीबरोबरच खाली आली. पाचशे वर्षं उभी होती ती. कोणाला लागलं नाही एवढंच नशीब, पण त्या माणसांचे चेहरे अजून आठवतात.

म्हणून आधी कमिटीला विचारा, काउंटी कौन्सिलमधल्या हेरिटेज ऑफिसरशी बोलणं झालंय का. अशी जागा बहुधा नोंद झालेलं स्मारक असते, मग काम सुरू करण्याआधी नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसला कळवणं हा नियम आहे, आणि तिथली माणसं अडवायला नाही तर मदत करायला बसलेली असतात हा माझा अनुभव आहे. अशा कामाला सरकारचा कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड आहे, त्याचीही चौकशी करा.

बाकी काम साधं असतं. गवत कापायचं ते हाताने किंवा उंच ठेवलेल्या मोवरने, दगडाच्या अगदी जवळ दोरीचं यंत्र नको, ती दोरी शिळेची कड खाऊन टाकते. खणायचं नाही, झाड मुळासकट उपटायचं नाही, पडलेला दगड ‘नीट’ रचून ठेवायचा नाही, तो जिथे पडलाय तीही माहिती आहे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा काळ, तेव्हा झुडपं तोडायला कायद्याने बंदी आहे. भिंतीत वटवाघळं असतील तर त्यांनाही संरक्षण आहे. आणि भिंतीच्या दगडांमधल्या फटी सिमेंटने भरू द्यायच्या नाहीत, अजिबात नाही. चुना पाणी आत घेतो आणि परत बाहेर सोडतो, सिमेंट ते पाणी अडवून धरतं, मग थंडीत ते गोठतं आणि सिमेंट शाबूत राहून शेजारचा दगडच फुटतो.

थडग्यावरचं नाव वाचायचं असेल तर तारेचा ब्रश, खडू, शेव्हिंग फोम यातलं काहीही लावू नका. संध्याकाळी जरा अंधारलं की एक टॉर्च घ्या, दगडाला समांतर, अगदी कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. दिवसा जिथे नुसता काळपट दगड दिसत होता तिथे आधी एखादी उभी रेघ दिसते, मग गोलाई, मग अख्खं अक्षर, अंधारातून वर येतं. अक्षर दिसलं की दुसऱ्याला वहीत लिहून घ्यायला सांगा, तोवर तुम्ही टॉर्च हलवू नका. शेवाळासारखे राखाडी-पिवळे डाग दिसतील ते लायकेन, फार सावकाश वाढतात, ते खरवडू नका, त्यांच्यासकट वाचता येतं.

डरव्होर्गिला नावाच्या बाईने तिथे चर्च बांधलं म्हणे. ती पळून गेलेली राणी तीच का?

तीच, पण ‘पळून गेलेली’ एवढीच ओळख तिला देऊ नका. ब्रेफनीचा राजा टिअरनन ओ'रूर्कची ती बायको. ११५२ मध्ये लेन्स्टरचा राजा डिअरमड मॅकमरो तिला घेऊन गेला, तिच्या मर्जीने की जबरदस्तीने यावर लोक अजून वाद घालतात, पुढच्याच वर्षी ती परतही आली. ११६६ मध्ये डिअरमडला देश सोडावा लागला, त्याने मदतीला नॉर्मन आणले आणि ११६९ मध्ये ते उतरले, म्हणून पुढच्या साडेसातशे वर्षांच्या इंग्रजी अंमलाचं खापर कित्येकांनी या एका बाईवर फोडलं. राजांची आपसातली भांडणं, जमिनीची हाव, ते सगळं बाजूला ठेवून. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

तिने स्वतः काय केलं ते बघायचं तर मुख्य कुंपणातून बाहेर पडून नव्या कब्रस्तानाच्या पुढे पूर्वेकडे थोडं चालत जावं लागतं, बरेच लोक तिथे जातच नाहीत. तिथे नन्स चर्च आहे, ११६७ मध्ये तिने पूर्ण करून घेतलेलं. छोटंसं, छप्पर नाही, पण पश्चिमेचं दार आणि वेदीपुढची कमान अशी कोरलीय की हाताची बोटं आपोआप पुढे जातात, लावू नका मात्र. नागमोडी रेघांच्या माळा, प्राण्यांची तोंडं दातात गोल दगड धरलेली, आणि कमानीत मधेच लपवल्यासारखे इवलेसे चेहरे. ही कमान पडली होती, १८६५ मध्ये किलकेनीच्या पुरातत्त्व मंडळाने दगड गोळा करून परत उभी केली, जवळ गेलात तर कुठला दगड जुना आणि कुठला भर घातलेला ते ओळखू येतं. डरव्होर्गिला ११९३ मध्ये मेलिफाँटच्या मठात वारली, वयाच्या ८५ व्या वर्षी असं बखरी सांगतात.

दुपारी उशिरा जा तिकडे. पश्चिमेचं ऊन तेव्हा सरळ दारातून आत येऊन त्या कमानीवर पडतं आणि ते छोटे चेहरे एकेक करून दिसायला लागतात.